फायरप्लेसचा ब्लोअर निवडताना: सीएफएमच्या आकड्याआधी काय बघायचं

अमेरिकेतल्या एडिसन, नेपरव्हिल नाहीतर कॅनडातल्या मिसिसागाकडच्या कुठल्याही दुमजली घरात जा, फॅमिली रूममध्ये टीव्हीच्या खाली किंवा शेजारी गॅसची फायरप्लेस हमखास सापडते. बिल्डरने घराबरोबर दिलेली. बटण दाबलं की ज्वाळा छान दिसतात, काचेसमोर बसणाऱ्याचे गुडघे शेकतात आणि सोफ्याच्या दुसऱ्या टोकाचा माणूस शाल मागतो. मग कुणीतरी सुचवतं, "अहो, त्याला ब्लोअर बसवून घ्या की." ऑनलाइन शोधायला बसलं तर स्वस्तातल्या सुट्या पंख्यांपासून कंपनीच्या महागड्या किटपर्यंत ढीगभर मॉडेलं. प्रत्येकावर सीएफएम, म्हणजे दर मिनिटाला किती घनफूट हवा फेकली जाते, त्याचा आकडा ठळक छापलेला. बहुतेकजण त्यातला सगळ्यात मोठा आकडा बघून ऑर्डर देऊन टाकतात.

गडबड होते ती तिथेच. उष्णता आग तयार करते, ब्लोअर ती फक्त इकडची तिकडे नेतो. बीटीयू हे उष्णतेचं माप. 30,000 बीटीयूच्या फायरप्लेसला कितीही दांडगा पंखा लावला तरी तिचे 40,000 होत नाहीत. म्हणून निवडीची सुरुवात पंख्यापासून न करता फायरप्लेसपासून करायची. सीएफएम बराच नंतर येतो.

ब्लोअर नेमकं करतो काय

आपल्याकडची फुंकणी विस्तवात हवा घालते. ब्लोअर आगीला शिवतही नाही. ज्या पेटीत ज्वाळा असतात तिच्या खाली, मागे आणि वर पत्र्याची दुसरी पोकळी असते. खालच्या जाळीतून खोलीतली गार हवा आत येते, तापलेल्या पत्र्यामागून वर चढते आणि वरच्या जाळीतून बाहेर पडते. ब्लोअर नसला तरी हे चालूच असतं, फक्त मंदगतीने. ब्लोअर त्याला रेटा देतो. पत्रा सतत थंड होत राहिल्यामुळे धुराड्यातून वाया जाणारी थोडी उष्णताही घरात वळते, पण मोठा फायदा आहे तो ऊब खोलीभर पसरण्याचा.

खोलीतली ही हवा आणि आत जळणारा वायू एकमेकांत मिसळत नाहीत. मध्ये पत्रा असतो. म्हणूनच ज्या फायरप्लेसला ही पोकळीच नाही, तिला ब्लोअर लावण्यात अर्थ नाही.

पायरी 1: तुमची फायरप्लेस कुठल्या जातीची?

*डायरेक्ट व्हेंट गॅस.* पुढे काच घट्ट बंद, जळायला लागणारी हवा बाहेरून येते आणि धूर बाहेरच जातो, बहुतेक वेळा एकात एक बसवलेल्या दोन नळ्यांतून. नव्या घरांत सर्रास हीच असते. ब्लोअरसाठी सगळ्यात सोयीची. बहुतेक मॉडेलांना कंपनीने खाली जागा सोडलेली असते आणि किट वेगळं विकत मिळतं.

*बी-व्हेंट गॅस.* जळायला हवा खोलीतूनच घेते आणि धूर चिमणीतून नैसर्गिक ओढीने वर जातो. पुष्कळ जुन्या घरांत दिसते. काही मॉडेलांना ब्लोअर चालतो, काहींना नाही. मॅन्युअल म्हणेल ते खरं.

*विटांच्या उघड्या फायरप्लेसमध्ये ठेवलेले गॅसचे लाकूडसदृश ओंडके.* ही शोभेची वस्तू. धुराड्याची झडप कायम थोडी उघडी राहावी म्हणून तिला क्लॅम्प लावलेला असतो, म्हणजे घरातली ऊब चोवीस तास वर जायला वाट मोकळी. इथे ब्लोअरवर पैसे घालू नका. खर्च करायचाच असेल तर त्या विटांच्या पोकळीत बसणारा गॅस इन्सर्ट बघा. त्यात ब्लोअर आतच असतो किंवा हमखास जोडता येतो.

*लाकडाची उघडी फायरप्लेस.* दिसायला राजेशाही, पण ऊब देण्यात कंजूष. आग स्वतःसाठी खोलीतली गरम हवा ओढते आणि आकाशात सोडते. कित्येकदा बाकीच्या खोल्या उलट गार पडतात. हिच्यासाठी पोकळ नळ्यांची जाळी आणि तिला जोडलेला पंखा असं एक साधन मिळतं. लाकडं त्या नळ्यांवर जळतात आणि पंखा नळ्यांतून हवा ढकलतो. थोडा उपयोग होतो. मात्र नळ्या आगीतच असल्याने काही वर्षांत जळून पातळ होतात, आणि छिद्र पडलं की पंखा थेट आगीवर वारा घालून राख आणि ठिणग्या खोलीत उडवतो. दर हिवाळ्याआधी नळ्या तपासायची तयारी असेल तरच या वाटेला जावं.

*लाकडाचा इन्सर्ट.* दार बंद असलेली लोखंडी पेटी विटांच्या पोकळीत बसवलेली. तिन्ही बाजूंनी विटांनी वेढल्यामुळे ब्लोअर नसेल तर बरीचशी ऊब तिथेच अडकते. ब्लोअरचा खरा फरक कुठे जाणवत असेल तर इथे.

*विजेची फायरप्लेस.* निवडायला काही नाही, पंखा आतच असतो. साध्या 120 व्होल्टच्या प्लगवरची बहुतेक मॉडेलं 1,500 वॅटवर थांबतात, म्हणजे सुमारे 5,100 बीटीयू. वरून दुसरा पंखा लावून त्यात भर पडत नाही.

मोकळ्या उभ्या लाकडी स्टोव्हवर ठेवायचे विनाविजेचे छोटे पंखे तुम्ही पाहिले असतील. स्टोव्हच्या उष्णतेवरच वीज करून ते फिरतात. गंमतीशीर असतात, पण त्यांना बसायला तापलेला सपाट माथा लागतो. भिंतीत बसवलेल्या गॅस फायरप्लेसला त्यांचा उपयोग नाही.

पायरी 2: खालची जाळी उघडा

फायरप्लेस आदल्या रात्रीपासून बंद ठेवा. पायलट चालू असेल तर तोही विझवा, कारण त्या छोट्याशा ज्योतीनेही पत्रा कोमट राहतो. खालची जाळी बहुधा बिजागरीवर पुढे पडते किंवा उचलून निघते. टॉर्च घ्या आणि जमिनीवर आडवे पडून आत बघा.

पहिली दिसते ती गॅसची झडप आणि तिच्यावरची गोल बटणं. आसपास काही वर्षांची धूळ, गालिच्याचे तंतू, कुत्रं-मांजर असेल तर त्याचे केस आणि न्यू जर्सीत राहत असाल तर दोन-चार मेलेले स्टिंक बग. या सगळ्यात एक धातूची पट्टी असते, साखळीला लटकवलेली किंवा आतल्या बाजूला चिकटवलेली. तिच्यावर कंपनी, मॉडेल आणि सीरियल नंबर कोरलेला असतो. त्या पट्टीचा फोटो काढा. पुढची अर्धी निवड या फोटोनेच होणार आहे. मॉडेल नंबर टाकून कंपनीचं मॅन्युअल डाउनलोड करा आणि त्यात ॲक्सेसरीजचं पान शोधा. तिथे ब्लोअर किटचा नंबर दिलेला असतो. उदाहरणार्थ, हीट अँड ग्लो आणि हीटिलेटरच्या बऱ्याच मॉडेलांना जीएफके-160 नावाचं किट चालतं, नावातला 160 म्हणजेच त्याचे सीएफएम. तुमच्या मॉडेलच्या यादीत ब्लोअरच नसेल तर तो विषय तिथेच संपवावा. ज्या जोडणीसह फायरप्लेसची सुरक्षा चाचणी झालेली नाही, ती केली तर वॉरंटी जाते आणि पुढे काही घडलं तर विमा कंपनीला आयतं कारण मिळतं.

खाली वाकलाच आहात तर आणखी तीन गोष्टी बघून घ्या. झडपेच्या मागे, फायरप्लेसच्या पाठीला लागून मोकळी जागा किती आहे, तिची रुंदी, उंची आणि खोली टेपने मोजून लिहा. झडपेच्या बाजूने ब्लोअर आत सरकवायला फट किती आहे, तेही मोजा. हे बरेच लोक विसरतात, आणि मग पंखा आतल्या जागेत बसण्यासारखा असूनही दारातून आत जात नाही. तिसरं म्हणजे विजेचा डबा. काही घरांत आत तयार प्लग असतो, काहींत नुसतं झाकण लावलेला डबा, काहींत काहीच नाही.

आता उठून भिंतीवरची बटणं बघा. अनेक घरांत फायरप्लेसशेजारी दोन असतात. एकाने आग लागते आणि दुसऱ्याने काहीच होत नाही, घर घेतल्यापासून ते कशाचं आहे हे कुणालाच माहीत नसतं. पुष्कळदा ते आतल्या प्लगचं असतं. प्लगला छोटा दिवा लावून बटण चालू-बंद करून बघा.

आग लावणाऱ्या बटणाबद्दल मात्र कडक सूचना. पायलट असलेल्या जुन्या पद्धतीच्या फायरप्लेसमध्ये त्या बटणाच्या तारांत घरगुती वीज नसते. पायलटच्या उष्णतेतून तयार झालेला एक व्होल्टपेक्षाही कमी दाब असतो, आणि म्हणूनच वीज गेली तरी अशी फायरप्लेस चालते. ब्लोअरची वीज या तारांतून कधीही घ्यायची नाही, आणि 120 व्होल्ट त्यांना जोडायचे तर अजिबात नाहीत. झडप जळेल, आणि ती गॅसची झडप आहे.

पायरी 3: सीएफएमचा हिशेब

हीटिंगवाले एक सोपं सूत्र वापरतात: तासाला किती बीटीयू = 1.08 × सीएफएम × हवेच्या तापमानातली वाढ, अंश फॅरनहाइटमध्ये. ते उलटं वापरलं की कुठल्या पंख्यातून किती गरम हवा येईल ते कळतं.

तुमच्या फायरप्लेसच्या पट्टीवर 30,000 बीटीयू इनपुट लिहिलंय असं धरू. त्यातला एक भाग धुराड्यातून जातो. उरलेल्यातला मोठा वाटा काचेतून थेट झळ म्हणून येतो, त्यात ब्लोअरचा संबंध नाही. पत्र्यामागच्या हवेतून उचलण्यासारखी उष्णता हिशेबापुरती 10,000 बीटीयू धरू. खोली 68 अंशांवर आहे.

75 सीएफएमचा पंखा लावला तर हवा जवळजवळ 123 अंशांनी तापते, म्हणजे जाळीतून 190च्या आसपास बाहेर पडते. खूप गरम, पण धार बारीक. खोलीच्या टोकापर्यंत पोचायच्या आत ती छताला जाते. 160 सीएफएमला वाढ 58 अंश, हवा 126 अंश. हे ठीक. 250 सीएफएमला वाढ 37 अंश, हवा 105 अंश. आकडा म्हणून 105 गरम वाटतो, पण शरीराचं तापमान 98 च्या आसपास आहे आणि ही हवा वाहती आहे. खोलीतल्या हवेत मिसळत तुमच्यापर्यंत येईस्तोवर ती अंगाला गारच लागते. "ब्लोअर थंड हवा मारतो" ही तक्रार पुष्कळदा अशी जन्माला येते. पंखा चांगला असतो, आगीच्या मानाने फक्त मोठा असतो.

प्रत्यक्षात पंखा मोठा केल्यावर पत्र्यातून थोडी जास्त उष्णता ओढली जाते, त्यामुळे आकडे इतके रेखीव येत नाहीत. दिशा मात्र हीच. 20,000 ते 35,000 बीटीयूच्या घरगुती गॅस फायरप्लेसला 100 ते 160-170 सीएफएम आणि सोबत वेग कमी-जास्त करायची सोय, एवढं पुरेसं आहे. लाकडाच्या मोठ्या इन्सर्टला आग जोमदार असते, तिथे 200 आणि त्यापुढचा पंखाही शोभतो. कंपनीच्या किटचा सीएफएम कंपनीने आधीच जुळवलेला असतो, त्यामुळे हा हिशेब मुख्यतः कामी येतो तो दुसऱ्या कंपनीचा पर्यायी ब्लोअर घेताना.

तसा घेताना एक मेख लक्षात ठेवा. खोक्यावरचा सीएफएम बहुधा मोकळ्या हवेत मोजलेला असतो. पत्र्याच्या अरुंद पोकळीतून हवा ढकलताना तो घटतो, आणि किती घटेल ते पंख्याच्या जातीवर अवलंबून असतं.

पायरी 4: फिरकी, बेअरिंग आणि आवाज

दोन जाती मुख्य. लांबट नळकांड्यासारखी फिरकी असलेला टॅन्जेन्शियल ब्लोअर: हवा पूर्ण लांबीभर सारखी फेकतो, आवाज कमी, उंची कमी लागते. गॅस फायरप्लेसखालच्या चिंचोळ्या जागेत बहुधा हाच असतो. मात्र अडथळ्यापुढे याचा जोर लवकर ओसरतो. दुसरा सेंट्रिफ्यूगल, खारीच्या पिंजऱ्यासारखी गोल फिरकी शंखाच्या आकाराच्या डब्यात. हा अडथळ्याविरुद्ध चांगला रेटतो, म्हणून लाकडाच्या इन्सर्टमध्ये जास्त दिसतो. आवाज थोडा जास्त. काही ब्लोअरमध्ये मधे मोटर आणि दोन्ही बाजूंना एकेक फिरकी असते. कॉम्प्युटरसारखा चपटा पंखा कुणी सुचवला तर नाही म्हणा.

बेअरिंगवर पैसे घाला. साध्या स्लीव्ह बेअरिंगचा ब्लोअर नवा असताना शांत असतो, पण उष्णतेत त्याचं तेल सुकतं आणि मग घरघर सुरू होते. शिवाय तो आडवाच बसवावा लागतो. सीलबंद बॉल बेअरिंग उष्णता जास्त सोसतं, तेल मागत नाही आणि उभं-आडवं कसंही चालतं. त्याच्यासाठी थोडे जास्त डॉलर गेले तरी हरकत नाही. मोटरच्या लेबलवर इन्सुलेशनचा वर्गही असतो: बी म्हणजे 130 अंश सेल्सिअसपर्यंत, एफ म्हणजे 155, एच म्हणजे 180. फायरप्लेसखाली बी हा किमान धरावा, एफ मिळाला तर उत्तम. यूएल, सीएसए किंवा ईटीएल यांपैकी एकाचा सुरक्षा चाचणीचा शिक्का नसलेला पंखा कितीही स्वस्त असला तरी आगीखाली ठेवू नये.

आवाजाचे छापील आकडे मी फारसे मनावर घेत नाही. ते मोकळ्या टेबलावर मोजलेले असतात आणि तुमच्याकडे पंखा पत्र्याच्या डब्यात राहणार आहे. पंखा आणि पत्रा यांच्यामध्ये रबर किंवा फोमच्या गाद्या आहेत का, हे जास्त महत्त्वाचं. आणि 160 चा ब्लोअर अर्ध्या-पाऊण वेगावर चालवला तर टीव्हीच्या आवाजात तो विसरायला होतो. कायम पूर्ण वेगावर पळणारा छोटा पंखा मात्र सतत भणभणत राहतो.

पायरी 5: नियंत्रण

किटमध्ये बहुतेक वेळा तीन वस्तू येतात: ब्लोअर, वेगाचं बटण आणि स्नॅप डिस्क. ही डिस्क म्हणजे नाण्याएवढा उष्णतेवर चालणारा स्विच. फायरप्लेसच्या पत्र्याला टेकवून बसवतात. पत्रा साधारण 110 ते 120 अंश फॅरनहाइटला पोचला की पंखा सुरू होतो आणि आग विझवल्यावर पत्रा निवला की आपोआप थांबतो. त्यामुळे आग लावल्यावर दहा-वीस मिनिटं पंखा हलला नाही तर घाबरू नका, तसंच अपेक्षित आहे. स्वस्त किटमध्ये डिस्क नसेल तर वेगळी घ्या. नाहीतर रोज हाताने चालू-बंद करावं लागेल आणि पहिली पंधरा मिनिटं गार वारा खावा लागेल.

वेगासाठी दिव्याचा डिमर लावण्याचा मोह टाळा. या मोटरी वेगळ्या जातीच्या असतात. दिव्याच्या डिमरवर त्या गुणगुणतात आणि तापतात. पाकिटावर पंख्यासाठी असं लिहिलेलाच कंट्रोल हवा. अगदी खालच्या टोकाला मोटर नुसती हुंकारत असेल आणि फिरत नसेल तर वेग वाढवा, तशीच ठेवली तर जळते.

रिमोटवाल्या नव्या फायरप्लेसमध्ये गोष्ट वेगळी आहे. प्रोफ्लेमसारख्या इलेक्ट्रॉनिक यंत्रणेत ब्लोअर थेट आतल्या मॉड्यूलला जोडतात आणि वेग रिमोटवरून ठरतो. तिथे वेगळं बटण मध्ये घालायचं नाही. तुमचं मॉड्यूल ब्लोअर ओळखतं का, हे मॅन्युअलमध्ये आधी बघा.

विजेचा खर्च किरकोळ. 75 वॅटचा ब्लोअर रोज पाच तास चालला तर पावणेचारशे वॅट-तास, युनिट 18 सेंटला धरलं तरी सात सेंट होत नाहीत. खरा खर्च होतो तो आत प्लग नसेल तर. मग इलेक्ट्रिशियन बोलवावा लागतो आणि त्याचं बिल कधीकधी ब्लोअरपेक्षा मोठं येतं. म्हणून किट मागवण्याआधीच त्याच्याकडून भाव घ्या.

विकत घेण्याआधी घराकडेही एकदा बघा

घराच्या मुख्य फर्नेसचा थर्मोस्टॅट फायरप्लेस असलेल्या खोलीतच किंवा तिच्या तोंडाशी असेल तर ब्लोअर एक वेगळीच पंचाईत करतो. खोली लवकर तापते, थर्मोस्टॅटला वाटतं अख्खं घर तापलं आणि फर्नेस थांबते. खाली आई-बाबा स्वेटर काढून बसलेले आणि वर मुलांची खोली 62 अंशांवर. यावर दोन उपाय. थर्मोस्टॅटवर फर्नेसचा पंखा ऑटोऐवजी सतत चालू ठेवला तर खालची ऊब काही प्रमाणात वर फिरते. किंवा वरच्या खोलीत सेन्सर ठेवता येईल असा थर्मोस्टॅट घ्या. फायरप्लेस ज्या खोलीत आहे तेवढीच तापवायची आणि बाकी घर मुद्दाम गार ठेवायचं, असा बेत असेल तर मात्र हेच वागणं पथ्यावर पडतं, गॅसचं बिलही कमी येतं.

फॅमिली रूमचं छत दुमजली उंच असेल तर ब्लोअरची हवा थेट वर जाऊन बसते. तिथे छताचा पंखा हिवाळ्याच्या दिशेला, म्हणजे खालून बघताना घड्याळाच्या काट्याप्रमाणे, सावकाश फिरवा. छताचा पंखा नसेल तर अशा खोलीत ब्लोअरकडून फार अपेक्षा ठेवू नका. मी म्हणेन, पैसे आधी तिकडे घाला.

आणि एक खास आपल्या स्वयंपाकघराचा मुद्दा. मिरचीची फोडणी किंवा मासे तळताना आपण हुड पूर्ण जोरात लावतो. हुड घरातली हवा बाहेर फेकतो आणि तेवढी हवा कुठून तरी आत यावीच लागते. अमेरिकेच्या निवासी बांधकाम संहितेत 400 सीएफएमपेक्षा मोठ्या हुडसाठी बाहेरून भरपाईची हवा आणायची अट आहे ती याच कारणाने, पण जुन्या घरांत अशी सोय नसते. बंद काचेच्या डायरेक्ट व्हेंटला याने फारसं बिघडत नाही. बी-व्हेंट किंवा लाकडाची उघडी फायरप्लेस असेल तर मात्र धुराड्यातली ओढ उलटू शकते आणि धूर, कार्बन मोनॉक्साइड घरात येऊ शकतो. ब्लोअर यात दोषी नसतो, तो खोलीचीच हवा खोलीत फिरवतो. तरी अशा घरात फायरप्लेस चालू असताना मोठा हुड लावायचा नाही, लावलाच तर जवळची खिडकी बोटभर उघडायची. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म प्रत्येक मजल्यावर हवाच.

जुना ब्लोअर बंद पडला असेल तर

नवा मागवण्याआधी दहा मिनिटं तपासणीला द्या. आतल्या प्लगला दिवा लावून वीज येते का बघा, ते गूढ बटण कुणी तरी बंद केलेलं असतं. मग ब्लोअरचा प्लग काढून फिरकी बोटाने फिरवा. सहज फिरून सावकाश थांबली तर बेअरिंग ठीक आहे. अडकली तर केसांचा गुंता काढा. तिसरा संशयित स्नॅप डिस्क. ती पत्र्यापासून निसटून खाली लोंबत असेल तर तिला उष्णता कळतच नाही. ब्लोअर सरळ प्लगला जोडल्यावर फिरत असेल आणि डिस्कमधून जोडल्यावर फिरत नसेल, तर बिघाड डिस्क, बटण किंवा तारांत आहे. डिस्क थोडक्या डॉलरांत मिळते, आणि तिच्यासाठी लोक अख्खा ब्लोअर बदलतात.

मोटरच गेली असेल तर जुना ब्लोअर बाहेर काढून मापं घ्या: एकूण लांबी, फिरकीचा व्यास, मोटर डावीकडे की उजवीकडे, हवा कुठल्या तोंडातून बाहेर पडते आणि पायांच्या भोकांमधलं अंतर. लेबलवरचे व्होल्ट, अँपियर आणि आरपीएम लिहून घ्या. मोटर उलट्या बाजूला आली की सगळी मापं जुळूनही पंखा झडपेवर आपटतो.

बसवताना

ब्रेकर बंद करा आणि टेस्टरने खात्री करा. आतली धूळ व्हॅक्यूमने काढा, नाहीतर पहिल्याच दिवशी ब्लोअर ती खोलीभर उडवेल. ब्लोअर आडवा करून झडपेच्या बाजूने आत सरकवा, मागे नेऊन सरळ करा. हवा सोडणारं तोंड वरच्या दिशेला, मागच्या पोकळीकडे असावं. गॅसचा पाइप सैल केल्याशिवाय पंखा आत जात नसेल तर हात थांबवा आणि गॅसचं काम करणाऱ्या परवानाधारकाला बोलवा. बाकी सगळं स्वतः करता येण्याजोगं आहे, हे नाही.

डिस्क मॅन्युअलमध्ये दाखवलेल्या जागीच, पत्र्याला पूर्ण टेकून बसवा. वीज बटणातून डिस्ककडे आणि डिस्कमधून ब्लोअरकडे जाते, हिरवी अर्थिंगची तार फायरप्लेसच्या पत्र्याला जोडायची असते. सगळ्या तारा तापणाऱ्या तळापासून दूर, क्लिपने बांधून ठेवा. मग आग लावा आणि वाट बघा. पहिल्या एक-दोन वेळा तेलाचा किंवा रंगाचा वास येतो, खिडकी उघडा. खडखड ऐकू आली तर आधी जाळीचे स्क्रू आणि ब्लोअरखालच्या गाद्या बघा, दोष बहुधा तिथेच सापडतो. फिरकीवर छोट्या धातूच्या चिमट्या असतील तर त्या काढू नका, तोल साधण्यासाठी कारखान्यात लावलेल्या असतात.

घर नवं असेल किंवा बेसमेंटचं काम चालू असेल तर ड्रायवॉलची पांढरी धूळ पूर्ण साफ होईपर्यंत ब्लोअर चालवू नका. ती बारीक भुकटी बेअरिंगमध्ये शिरली की नवा पंखाही लवकर रडायला लागतो.

लाकडाच्या इन्सर्टवाल्यांसाठी वेगळी सूचना: आग नीट पेटून पेटी तापेपर्यंत ब्लोअर नको, आणि मंद आगीवर पूर्ण वेग नको. पेटी थंड पडली की लाकूड अर्धवट जळतं आणि धुराड्यात क्रिओसोटचा, म्हणजे धुरातून साचणाऱ्या डांबरासारख्या ज्वालाग्राही काजळीचा, थर चढतो. चिमणीला आग लागते ती त्यामुळे. गॅसला ही भानगड नाही.

वर्षातून एकदा, शक्यतो ऑक्टोबरमध्ये पहिली आग लावण्याआधी, जाळी उघडून व्हॅक्यूम मारा. फिरकीच्या पात्यांत धुळीचा नमदा बसलेला असतो, तो जुन्या टूथब्रशने एकेका पात्यातून काढा. हवेचा जोर कमी झाल्याचं कारण निम्म्या वेळा हाच नमदा असतो. मोटरवर तेलाचं भोक असेल तर हलकं मशीन तेल दोन थेंब. भोक नसेल तर बेअरिंग सीलबंद आहे, त्याच्यावर कसलाही स्प्रे मारू नका, दोन आठवडे आवाज बंद होतो आणि नंतर त्याच तेलाला धूळ चिकटून फिरकी जाम होते.